चारी चाकांचा दांडा

बापू, तुमच्या उजव्या पायाबद्दल लिहायचं आहे. तुम्ही गेलात, मागून आई गेली, ज्या नाल्यात ते झालं त्या नाल्यावर आता पूल आहे आणि मी ऐंशी ओलांडून बसलो आहे, तरी त्या पायाची पूर्ण गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. गावाला अर्धी माहीत आहे. तुम्हाला पाऊण माहीत होती. उरलेली पाव माझ्यापाशी आहे. आज ती वर येण्याचं कारण एवढंच, की सकाळी नातू फोन घेऊन शेजारी बसला. त्याला जुनी गाडी घ्यायची आहे, डिझेलची, चारी चाकांनी ओढणारी. एकामागून एक फोटो दाखवत होता, कोणती किती चालली, किती हातांतून गेली ते वाचून दाखवत होता, आणि मग सहज म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे होती ना अशी? घेताना काय बघायचं असतं?" मी म्हणालो, माझा चष्मा आण. चष्मा माझ्या नाकावरच होता. तो हसला, आणि तो हसतोय तेवढ्यात मी उठून आत आलो आणि ही वही काढली.

घेताना तुम्ही किती बघितलं होतं. पण त्याच्याही आधीचं सांगायला हवं, कारण गाडी काही हौसेने आली नाही आपल्या घरी. आधीच्या पावसाळ्यात ताईचं पहिलं मूल वाटेत गेलं. तिचं सासर आपल्यासारखंच तापीकाठचं, केळी-कापसाचं, पण दोन नाल्यांच्या पलीकडे अडकलेलं. पाऊस लागला की काळी जमीन अशी फुगायची की आषाढापासून ते गाव बेटासारखं एकटं पडायचं. बाळंतपणाला तिला माहेरी आणत होतो आणि आपल्या बाजूच्या पहिल्या नाल्याच्या अलीकडे बैलगाडी आसापर्यंत रुतली. बैल सोडून तुम्ही स्वतः जूला खांदा दिला होता. मी मागून चाक उचलत होतो. ताई गाडीत पडून होती, आधी ओरडत होती, मग ओरडायची थांबली, आणि ते थांबणं मला अजून ऐकू येतं. काही दिवसांनी ओट्यावर कुणी कुणी नशिबाच्या गोष्टी सांगायला लागलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "नशीब कोठे उनं मधमा. चिखलनी खादं ते." आणि उठून विहिरीकडे गेलात.

पौषात कळलं की ताईला पुन्हा दिवस आहेत. तिच्या सासूने निरोप धाडला, या खेपेला माहेरची वाट नको, जे व्हायचं ते इथेच होईल. तुम्ही मला घेऊन तिकडे गेलात. तिच्या दारात बाजेवर बसून तुम्ही म्हणालात, "बरं, अठेच राहू द्या. पण काही अवघड दिसनं ते मी यीसू आनि तिले दवाखानामा ली जासू. वाट कशी बी राहो." सासूबाई आतून म्हणाल्या, "कशावर बशीसन येशात? मागला सालना बैलवर?" दुसऱ्या दिवसापासून, बैल आणि विहिरीचं इंजिन सोडून कशालाही हात न लावलेला माणूस, मोटारगाड्यांची चौकशी करत हिंडायला लागला.

तेव्हा आपला नंदुरबार धुळे जिल्ह्यात होता आणि गावात मोटार म्हणजे कुणाच्या लग्नातली. मी तेवीस वर्षांचा, शाळेत मास्तर, पोरांना मराठी शिकवायचो आणि धुळ्याला कॉलेजात असताना मामांच्या ओळखीने गाडी चालवायला शिकलो होतो, तेवढ्या बळावर घरात ड्रायव्हर ठरलो. नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याची पेट्रोलची जीप आपण आधी बघितली. काय चकचकीत होती. मला वाटलं संपलं, हीच. तुम्ही तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलंत, ही पिते काय. पेट्रोल म्हटल्यावर तुम्ही रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "भर पाऊसमा पेट्रोल लेवाले नंदुरबार येऊ का मी? हिरवरलं इंजिन जे पेस, तेच गाडीनी पेवाले जोयजे." घरात विहिरीच्या इंजिनासाठी डिझेलचं पिंप कायम भरलेलं असायचं. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, बापू. आज इतक्या वर्षांनी उलटसुलट करून बघतो तरी त्यात चूक सापडत नाही. आणि त्या खऱ्या म्हणण्यानेच आपण नवापूरला गेलो.

आगगाडीने गेलो. चैत्र होता, खिडकीतून पळस दिसत होता, पान नसलेला, नुसता पेटलेला, आणि मी आपला शाळेच्या पुस्तकातल्या वसंताच्या कविता मनात घोळवत बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ध्यान कोठे शे तुन्हं? तुन्ही कविता बैल व्हती ते मी कवयच इकी टाकतू." समोरच्या बाकावरचा एक म्हातारा खदखदा हसला. मीही हसलो. ते कविता विकण्याचं बोलणं मी थट्टेवारी नेलं, आणि ती थट्टा नव्हती, हे कळायला मला श्रावणापर्यंत जावं लागलं.

जंगलातली लाकडं आणणाऱ्या एका ठेकेदाराची वखार. सागाच्या भुशाचा तो वास, आणि कडेला चिंचेखाली उभी ती गाडी. लष्कराच्या लिलावातली जीप, पण तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून कुठल्याशा मिस्त्रीने त्यात डिझेलचं बसवलेलं. इंजिन मोठं, तोंड जड, त्यामुळे उभी असतानाच खाली मान घालून उभी असल्यासारखी दिसायची. सगळी गाडी उन्हाने उडालेल्या हिरव्या रंगाची, आणि पुढचा लोखंडी गार्ड मात्र नव्या काळ्या रंगाचा. ठेकेदाराने नवा ट्रक घेतला होता, म्हणून ही विकायची होती. ती चालवणारा माणूस तिच्या शेजारी उभा होता, नवापूरकडच्या डोंगरातला, चाळिशीचा, बारीक, खाकी शर्ट, बोलायला मागेपुढे बघणारा.

मग तुम्ही गाडी बघितलीत. मी जन्मभर पोरांना वर्णनं लिहायला सांगितली पण हे वर्णन मला कधी साधलं नाही. तुम्ही बोनेटवरून तळवा फिरवलात, बैलाच्या पाठीवर भोवरा शोधावा तसा. खाली वाकून स्प्रिंगच्या पाट्यांमधे बोट घातलंत. चाकांना काठीने ठोकून आवाज ऐकलात. इंजिन चालू करायला लावून धुराच्या नळीसमोर हात धरलात, मग तो हुंगलात. तेलाची पट्टी काढून तेल दोन बोटांत चोळलंत, कारण विहिरीच्या इंजिनाने तुम्हाला तेवढं शिकवलं होतं. ठेकेदार गंमत बघत होता. म्हणाला, "बापू, दात मोजायचे राहिले." तुम्ही न बघता म्हणालात, "जनावरना दात देखना पडतस. मालकना त्याना हासामाच दिसी जातस." वखारीतले हमाल हसले, ठेकेदारही हसला, पण जरा उशिरा.

इंजिन चालू होतं तेवढा वेळ मी काय करत होतो ते सांगतो. मी त्याचा आवाज ऐकत होतो. एक ऱ्हस्व, दोन दीर्घ, एक ऱ्हस्व, दोन दीर्घ; लगागा लगागा लगागा लगागा. ते यंत्र भुजंगप्रयातात धडधडत होतं, बापू. वर्गात टेबलावर बोटं आपटून जे वृत्त मी पोरांच्या डोक्यात घालायचो, ते त्या जड तोंडाच्या गाडीतून आपोआप येत होतं. मी तिथेच तिच्यावर भाळलो. लोक नवरी बघायला जाऊन एखाद्या हसण्यावर भाळतात आणि घरदार विचारायचं राहून जातं, तसं.

आणि मग तुम्ही ते केलंत, जे सारंगखेड्याच्या बाजारात तुमचा बाप करायचा, त्याचा बाप करायचा. आपल्याकडे जनावर घेताना मालकाला खोड विचारत नाहीत, कारण मालक विकायला बसलेला असतो. जो हाकतो त्याला विचारायचं. त्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवून असेल ती खोड सांगायची, विचारायचं एकदाच, आणि त्या हाताखाली खोटं बोललं तर त्याच्या स्वतःच्या दावणीला जनावर टिकत नाही. तुम्ही त्या ड्रायव्हरला बोलावलंत. म्हणालात, "भाऊ, तू हाकस ना हिले? ठेव हात. काय खोड शे ती सांग." तो ठेकेदाराकडे बघायला लागला. ठेकेदार म्हणाला, ठेव बाबा, ठेव, मोटारीला पण बैल करून टाक. त्याने बोनेटवर हात ठेवला. तापलेलं बोनेट होतं, तरी त्याने हात हलवला नाही. मग म्हणाला, "चढाला हिला काही खोड नाही, बापू. चढाला कुठंच मागे सरत नाही."

तुमचा चेहरा खुलला. चढाला जो बैल कच खात नाही त्याला दुसरी खोड विचारायची नसते, हा तुमचा आडाखा. उताराला बैल आपोआप अंग आवरून उतरतो. तुम्ही आणि ठेकेदार रुमालाखाली हात घालून बोटांची बोली करायला चिंचेच्या बुंध्याशी गेलात. सौदा जमल्यावर वाटायला म्हणून आईने दिलेल्या गुळाचा एक खडा तुम्ही आधीच त्या ड्रायव्हरच्या हातावर ठेवला होता. त्याने तो खाल्ला नाही. मडगार्डवर ठेवून दिला आणि मला म्हणाला, गुरुजी, या, स्टेपनी दाखवतो.

गाडीमागे गेल्यावर त्याने स्टेपनीला हातसुद्धा लावला नाही. हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, गाडी तुम्ही चालवणार ना? मग ऐका. चिखलात चारी चाकं लावायला हा दुसरा दांडा आहे ना, आतले दात झिजलेत त्याचे. उतारावर तो सटकतो. सटकला की गाडी मोकळी, मग इंजिन तिला धरत नाही. आणि पाण्यातून आली असली तर ब्रेकसुद्धा धरत नाहीत. उतारावर दांड्यावर गुडघा दाबून बसायचं. गुडघा काढायचा नाही."

"मग बापूंना का नाही सांगितलं?"

"शेठ उभे होते. आणि बापूंनी एकदाच विचारलं." मग म्हणाला, "उतारावर पुढे माणूस उभा राहू देऊ नका."

"का? कुणी राहिलं होतं?"

त्याने खिशातलं फडकं काढलं आणि पुढे जाऊन तो नवा काळा गार्ड पुसायला लागला, जो मुळीच मळलेला नव्हता.

ही ती उरलेली पाव, बापू. रुमालाखालून तुमचा हात अजून निघायचा होता. दहा पावलं चालून तुमच्या कानाशी एक वाक्य बोललो असतो तर तुम्ही हात काढून घेतला असता, तुमच्या रिवाजाने तुम्हाला ती मोकळीक होती. मी नाही बोललो. आता म्हातारपणी कारणं शोधतो तेव्हा बरीच शहाणी सापडतात: जून तोंडावर होता, दुसरी डिझेलची गाडी कुठे मिळणार होती, चालवणार मीच होतो, गुडघा माझाच, मग तुम्हाला घोर कशाला. तेव्हा यातलं एकही कारण माझ्या मनात नव्हतं. मनात होतं ते लगागा लगागा. मला ती गाडी हवी होती.

घरी आपण तिच्यातूनच आलो. तुमच्या पागोट्याचा शेमला वाऱ्यावर उडत होता आणि तुम्ही तो आवरत नव्हतात. खांडबाऱ्याला चहा प्यायला थांबू तेव्हा सांगू, असं मी ठरवलं. खांडबाऱ्याला तुम्ही दुकानदाराला गाडी दाखवत होता. मग नंदुरबारला सांगू. नंदुरबारला दिवस कलला होता. गावात शिरताना तुम्ही बोनेटकडे बघत म्हणालात, "बैल शे, बैल," आणि त्यानंतर सांगायला जागाच उरली नाही. सपाटीवर तिला खोड नव्हती. दिवस जात राहिले आणि सपाटीच्या दिवसांनी मला पटवून दिलं की उतार येणारच नाही.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, ताई आली. सहावा महिना. झोक्यावर बसली नाही, पण गाडीत बसायचा हट्ट तिने धरला, आणि मी तिला तापीच्या वाटेने फिरवून आणली. नदीकडे उतरताना मी दांड्यावर गुडघा ठेवला. तिच्या नजरेतून सुटलं नाही. "भाऊ, तू इतला वाकडा काबरं बठस?" मी म्हटलं, सवय आहे. ती म्हणाली, "नही. तू घाबरेल शे." मग नदीकडे बघत राहिली. निघताना तिने गाडीच्या तोंडावर हळद-कुंकू लावलं आणि मला म्हणाली, मी निरोप धाडला तर उशीर करू नको हं. मी हसून म्हटलं, ही आता चिखलातली राणी आहे. तिने पुन्हा म्हटलं, उशीर करू नको.

श्रावणात निरोप आला. सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आधी. ताईचा दीर दोन्ही नाले छातीभर पाण्यातून ओलांडून पायी आलेला, उभा राहिला तिथे पाण्याचं तळं झालं. म्हणाला, पहाटेपासून कळा येतायत आणि सुईण म्हणते मूल आडवं आहे, तिच्याच्याने होणार नाही. आईने गोधडी आणि गरम पाण्याची किटली गाडीत ठेवली. तुम्ही काठी घेऊन माझ्या शेजारी बसलात. दीर मागे. शिवार ओलांडल्याबरोबर मी चारी चाकं लावली आणि ज्या जागी मागच्या साली बैलगाडी रुतली होती तिथून ती गाडी चिखल फाडत निघून गेली. तुम्ही त्या जागेकडे बघितलं नाहीत. मी बघितलं.

दीर आला तेव्हापासून पाणी पुष्कळ ओसरलं होतं. पहिल्या नाल्याशी तुम्ही खाली उतरलात. मी म्हटलं, बापू, बसा. तुम्ही म्हणालात, "जनावर धनीना पाय देखीसन पानीमा उतरस." काठीने तळ चाचपत तुम्ही पुढे चाललात आणि मी मागून गाडी नेली, जशी पिढ्यान् पिढ्या गाडी नेतात आपल्याकडे. नाला उथळ होता, उतार सौम्य. पलीकडे गेलो. ब्रेकवर पाय दाबून पाहिला. पाय आत गेला आणि गाडी जरा उशिराने थांबली. चाकांत पाणी शिरलं होतं. आता सांगायला हवं, मी मनात म्हटलं. पाऊस पडतच होता. तुम्ही शेजारी बसून म्हणत होता, चाल, चाल.

दुसरा नाला खोल होता, त्याची वाट दरडीतून तिरकी, उभी खाली जाणारी, आणि वरची माती लोण्यासारखी. तुम्ही पुन्हा उतरलात. माझ्या पुढ्यात, गाडीकडे तोंड करून, उलट्या पावलांनी उतरायला लागलात, दोन्ही हात पसरून, "ये, ये, ये," असं म्हणत, बिचकलेल्या बैलाला पाण्यावर आणतात तसं. मी ओरडलो, "बापू, बाजूला व्हा, पुढे राहू नका." तुम्ही म्हणालात, "तू मन्हाकडे देख. मी सांगस तसा ये." मी गाडी थांबवून खाली उतरलो असतो, आणि नवापूरच्या माणसाने चार महिन्यांपूर्वी सांगितलेलं चार शब्दांत सांगितलं असतं, तर कवितेची एक ओळ म्हणायला लागतो तेवढा वेळ लागला असता. पलीकडे ताई होती. मी दांड्यावर गुडघा दाबला आणि क्लच सोडला.

निम्म्या उतारापर्यंत सगळं ठीक आहे. इंजिन गाडीला धरून आहे, तुम्ही मागे मागे सरकताय, तुमच्यामागे तांबडं पाणी आणि त्याच्यावर पाऊस, आणि काचेतून तुमचे ते पसरलेले हात दिसताहेत. आणि माझ्या मनात एक ओळ येते. खरंच येते, बापू. पावसात हात पसरून उभ्या माणसाची ओळ, आवाजाच्या तालावर आपोआप जुळलेली. तिचा शेवटचा शब्द मी शोधतो. किती वेळ शोधला ते मला सांगता येणार नाही, श्वास घ्यायला लागतो तेवढा. मग गुडघ्याखाली खट् असं काहीतरी होतं.

ती गाडी एकदम हलकी झाली. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र त्या आवाजापासून सुटली. मी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिलो, ते काही धरले नाहीत. तुम्ही हलला नाहीत. हे मी हजारदा बघितलं आहे. बाजूला उडी मारायला जागा होती, वेळही होता. तुम्ही हात आणखी पसरलेत आणि "हो, हो, हो" म्हणालात, कारण सुटलेला बैलही धन्याला समोर बघून थांबतो. त्या काळ्या गार्डने तुमचा पाय दरडीच्या दगडाला लावला आणि तिथे गाडी थांबली.

मी दांडा पुन्हा लावून मागचा गिअर टाकला, दिराने पुढून रेटा दिला, तेव्हा गाडी मागे हटली. पाय गुडघ्याखाली कुठे वळला होता ते मी लिहीत नाही. तुम्ही शुद्धीवर होता, ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, बापू, मागे फिरू, आधी तुम्हाला नंदुरबारला पोचवतो. तुम्ही माझी गचांडी धरलीत, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. "माले मागे टाक आनि पुढे चाल." मी पुन्हा काहीतरी बोललो. तेव्हा म्हणालात, "चिखलले दुसरं बी दी टाकू का?"

तुम्हाला मागे गोधडीवर ठेवलं. दीर माझ्या शेजारी बसला. उरलेला उतार उतरण्याआधी मी त्याला म्हटलं, "भाऊसाहेब, हा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरा. उतारावर सटकतो. काही झालं तरी सोडू नका." त्याने धरला. येताना, जाताना, प्रत्येक उतारावर त्याने तो असा धरला की त्याच्या हाताला फोड आले, आणि तो एकदाही सटकला नाही. जे तुम्हाला चार महिन्यांत सांगितलं नाही ते त्या परक्या माणसाला मी एका दमात सांगितलं. तुम्ही मागे डोळे मिटून पडला होता. ऐकलंत का, ते तेव्हा मला कळलं नाही. ताईला घेतलं, तुमचं डोकं तिच्या मांडीवर आणि तिचे हात तुमच्या कपाळावर, दोघंही आळीपाळीने कण्हत होता, आणि ती गाडी आपणा सगळ्यांना घेऊन दोन्ही नाल्यांच्या दरडी कुठेही मागे न सरता चढली. त्या ड्रायव्हरने हात ठेवून सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

नंदुरबारच्या दवाखान्यात दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. ताई वाचली. तिसऱ्या दिवशी तुमचा पाय गुडघ्याखाली काढला. शुद्धीवर आल्यावर तुम्ही आधी नातीला मागितलंत, मग पाणी. ती मुलगी आता स्वतः आजी आहे, तिला तुमची जिवणी आली आहे.

दिवाळीनंतर शहाद्याकडून गिऱ्हाईक आलं. आईने गाडीकडे बघणं सोडलं होतं, विकायची हे तिनेच ठरवलं. तुम्ही कुबडीवर अंगणात उभे. गिऱ्हाईक आपल्यातलंच, रिवाज जाणणारं. त्याने तुम्हाला म्हटलं, बापू, ठेवा हात, सांगा खोड. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हाकणारा हाऊ शे. हाऊ सांगी." मी बोनेटवर हात ठेवला. थंड होतं. मी म्हणालो, उतारावर चारी चाकांचा दांडा सटकतो, गुडघ्याने धरावा लागतो, पुढे माणूस उभा राहू देऊ नका. त्या नवापूरच्या माणसाचेच शब्द, त्याच क्रमाने. गिऱ्हाईक विचारात पडलं, तरी घेऊन गेलं, म्हणालं मिस्त्रीकडून आधी ते दात बदलून घेतो.

संध्याकाळी विहिरीवर तुम्ही इंजिनाशी बसला होता, तिथे मला बोलावलंत. "हाई तुले कोणी सांगं?"

मी म्हणालो, "कुणी नाही, बापू. त्या दिवशी सटकला तेव्हाच समजलं."

तुम्ही इंजिनाचा पट्टा बोटाने दाबून बघितलात. मग म्हणालात, "हां. मंग तू काय करशी." आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. नऊ वर्षं जगलात त्यानंतर. ओट्यावर कुणी गाडीचं नाव काढलं की तुम्हीच सांगायचात, गाडीनी चूक नही, पोऱ्यानी बी नही, मी चुकनू, मी समोर उभा ऱ्हायनू. मी तिथे असलो की उठून जायचो. लोक म्हणायचे, मास्तर फार हळवा आहे.

हे पत्र कुठे धाडायचं हा प्रश्नच नाही. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. घरी येणारा प्रत्येक कागद, ताईची पत्रं, तलाठ्याच्या नोटिसा, मीच वाचून दाखवायचो, आणि तुम्हाला लागेल असं काही आलं की ती ओळ गाळून पुढे जायचो. तुम्ही दर वेळी विचारायचात, "वाचं का बठ्ठं?" आणि मी, हो, सगळं वाचलं, म्हणायचो. आत्ता तुम्ही समोर येऊन बसलात तर हेही मलाच वाचावं लागेल. नातू बाहेर फोनवर कुणाशी तरी गाडीचं बोलतोय, मी ही पानं पुन्हा एकदा हळू आवाजात वाचून बघितली, तुम्हाला वाचून दाखवतोय असं समजून. वखारीत गाडीच्या मागे गेलो तिथपर्यंत आवाज नीट निघाला. तिथे मी पान उलटलं, बापू, आणि सरळ खांडबाऱ्याच्या चहापासून पुढे वाचायला लागलो.